अकरा वळणांची ठेव

पांचाळकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवत. लग्नाचा हॉल असो, दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम असो, की शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरचं मिठाईचं दुकान. दारातच क्षणभर थांबायचं, डोळ्यांनी दुसरं दार शोधायचं आणि मग खुर्ची निवडायची. "स्टील मिलमध्ये तीस वर्षं काढली की सवय लागते," असं ते म्हणत. पण मिलमधून निवृत्त झालेली आणखी माणसंही मी पाहिलीत. ती एवढी धास्तावलेली नव्हती.

२००१ च्या नोव्हेंबरात आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. माझ्या नवऱ्याचं, प्रसादचं, प्रोजेक्ट शिकागोत लागलं होतं. मी नागपूरची इंजिनिअर, पण पासपोर्टवर एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याबरोबर राहायची परवानगी, नोकरीची नाही. काकांचं घर डेव्हनपासून चार गल्ल्या आत. विटांची दुमजली इमारत, खाली ते एकटे, वर आम्ही. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा टेक्सासला होता.

घर दाखवताना त्यांनी स्मोक अलार्म तीनदा वाजवून दाखवला. मग मला विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या किती करता तुम्ही?"

"चार."

"तीनात होत नाही का?" आणि आवाज खाली आणून, "जिन्यात मोठ्यानं मराठी बोलू नका. दिवस बरे नाहीत."

दिवस खरंच बरे नव्हते. पुढच्या चौकातल्या सरदारजींच्या टॅक्सीची काच कुणीतरी फोडली होती. काकांनी खिडकीत अमेरिकेचा एक छोटा झेंडा लावला होता. मेलबॉक्सवर आणखी एक होता, आणि गाडीच्या ॲंटेनाला तिसरा. "एक पुरे की काका," प्रसाद म्हणाला. "असू दे. बघून घेतलेलं बरं," काका म्हणाले. हे त्यांचं पालुपद होतं. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघून घेतलेलं बरं. पत्र पेटीत टाकलं तरी झाकण उघडून, खाली पडलं का, बघून घेतलेलं बरं.

त्यांचे वडील कऱ्हाडजवळच्या एका गावात विळे-कुऱ्हाडी घडवायचे. काका भात्यावर बसून शिकले, स्कॉलरशिपवर मेटलर्जीची पदवी मिळवली आणि पुढे इथवर आले. धातूची कुठलीही वस्तू हातात आली की ते नखानं टिचकी मारून कानाशी धरत. माझ्या स्टीलच्या डब्यांना त्यांनी नावं ठेवली. पण गंज चढलेला माझा लोखंडी तवा स्वतः खाली नेला आणि दोन दिवसांनी परत आणला, तेव्हा तो काळाशार, तुकतुकीत झाला होता.

"आता ह्याला साबण लावलास तर बघ," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. आणि त्याच दिवशी ते म्हणाले, "चल, तुला एक लोखंड दाखवतो."

चादरी ठेवायच्या कपाटात, सगळ्यात खाली, पिवळ्या कापडात ती गुंडाळलेली होती. मलायाकडची कट्यार. तिकडे तिला क्रिस म्हणतात. लाकडी म्यानाचं तोंड होडीसारखं रुंद होतं. काकांनी दोन्ही हातांनी ती कपाळाला लावली आणि म्यान हळूच मागे ओढलं. आतून नागमोडी पातं बाहेर आलं.

"मोज वळणं. ह्या बाजूचं एक, मग त्या बाजूचं."

मी मोजली. अकरा भरली.

"नेहमी विषम. नऊ, अकरा, तेरा. सम वळणांची क्रिस कुणी करत नाही."

पात्यावर राखाडी आणि रुपेरी रेघा होत्या, सागाच्या फळीवर असतात तशा. ती नक्षी कोरलेली नव्हती. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकावर एक ठेवायचं, तापवायचं, ठोकायचं, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. मधे धारेसाठी पोलादाची पट्टी. मग आंबट रसानं पातं धुतलं की साधं लोखंड काळं पडतं, निकेलचं चमकत राहतं, आणि रेघा वर येतात. "मूळ रीत सोमल लावायची आहे, म्हणजे आर्सेनिकचं विष," काका म्हणाले. "पण इथे सोमल मागायला गेलो तर मलाच धरतील. मी लिंबावर भागवतो."

मुठीपाशी पातं एका बाजूला जास्त पसरलं होतं आणि तिथे लोखंडाचा एक वेगळा आडवा तुकडा इतका चपखल बसवला होता की सांधा शोधावा लागला. मूठ लाकडाची होती. अंग चोरून, हात पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासारखी कोरलेली. "ह्या मुठीचं नावच 'ताप चढलेला जावा बेटवाला' असं आहे," काका म्हणाले आणि हसले. "मला बघूनच केली असणार."

मी मूठ धरायला हात पुढे केला, तर त्यांनी क्रिस एकदम मागे घेतली. "मूठ सैल आहे," ते घाईनं म्हणाले. म्यान बंद झालं.

क्रिस त्यांची नव्हती. अमेरिकेला येण्याआधी ते तीन वर्षं पेनांगला, कथिल वितळवण्याच्या कारखान्यात होते. तिथल्या प्रयोगशाळेत युसुफ नावाचा त्यांच्याच वयाचा सहकारी होता. दोघं एका सायकलवरून कामाला जात. युसुफच्या घरी ही क्रिस पाच पिढ्यांची. वडील गेल्यावर भावांमध्ये तिच्यावरून भांडण लागलं. एकाला ती विकायची होती. काका अमेरिकेला निघाले तेव्हा युसुफनं ती त्यांच्या हातात दिली. "घरात शांतता झाली की मागवीन. तू लोहाराचा मुलगा आहेस, तू हिला गंजू देणार नाहीस. आणि हिला कधी जमिनीवर ठेवू नकोस." एवढंच म्हणाला. त्याच्यासाठी काका नुसते 'दीन' होते, दिनकरमधले.

"मग मागवली नाही त्यांनी?" मी विचारलं.

काका कपाटाची कडी लावत होते. त्यांनी ती काढून पुन्हा लावली. "युसुफ गेला," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. दुपारची वेळ होती. मी मागच्या लाकडी जिन्यावर कपडे वाळत घालत होते, खाली अंगणात काका लिंबाच्या फोडीनं पातं पुसत होते. कुंपणापलीकडच्या कुणीतरी फोन केला असावा. बाजूच्या बोळातून दोन पोलीस आत आले. एक पुढे, एक मागे. पुढच्याचा हात कमरेवर होता.

"हातातली वस्तू खाली टाका," तो ओरडला.

काका उभे राहिले. एका हातात पिळलेलं लिंबू, दुसऱ्या हातात अकरा वळणांचं उघडं पातं. त्यांनी लिंबू टाकलं.

"चाकू टाका! आत्ता!"

काका हलेनात. मला वरून त्यांचा चेहरा दिसत होता. ते इकडेतिकडे बघत होते. बसायचं स्टूल चार पावलांवर होतं. एवढं आयुष्य प्रत्येक खोलीत दुसरं दार शोधण्यात गेलेला माणूस भर दुपारी उघड्या अंगणात अडकला होता.

"काका, टाका ना खाली!" मी किंचाळले.

"जमिनीवर कशी ठेवू गं?" ते मराठीत म्हणाले. पोलिसाचं पिस्तूल बाहेर आलं.

माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो जिन्यावरून त्यांच्या पायांशी फेकला. दुसऱ्या पोलिसानं वर बघितलं आणि मला हात वर करायला सांगितलं. काका गुडघ्यांवर बसले, टॉवेल एका हातानं सरळ केला, त्यावर क्रिस ठेवली आणि मग दोन्ही हात डोक्यावर घेतले. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. त्या अर्ध्या मिनिटात मला व्हिसा आठवला, प्रसादची नोकरी आठवली, आणि काका मेले तर त्यांच्या मुलाचा फोन नंबर आपल्याकडे नाही हेही आठवलं.

मग चौकशी झाली. घराचे कागद, ड्रायव्हिंग लायसन्स, माझा पासपोर्ट. जुनी वस्तू आहे, स्वतःच्या अंगणात पुसत होते, गुन्हा काहीच नव्हता. दोघांतला वयानं मोठा पोलीस हळूहळू निवळला. त्याला शिकारीच्या सुऱ्या जमवायचा नाद होता, असं निघालं. तो उकिडवा बसून पातं न्याहाळू लागला. मुठीजवळच्या त्या आडव्या तुकड्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "आणि ह्या भागाला काय म्हणतात?"

त्या भागाचं मलाय नाव 'गांजा' आहे. काकांकडूनच मला ते माहीत झालं होतं, आणि काकांना खोटं बोलता येत नाही हेही. काकांनी तोंड उघडलं.

"बेस!" मी वरून ओरडले. "त्याला बेस म्हणतात, ऑफिसर."

पोलीस गेल्यावर मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. त्यांनी क्रिस आत नेली आणि कपाटाची कडी तीनदा लावून बघितली. तिसऱ्या दिवशी ते वर आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "वैशाली, मी त्या अंगणात मेलो असतो तर ती पोलिसांच्या गोदामात पडली असती. ती परत गेली पाहिजे. तुला कॉम्प्युटर येतो. त्याची माणसं शोध."

माझ्याकडे वेळच वेळ होता. जुन्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत आली. मी मलेशियन विद्यार्थ्यांच्या मंडळांना ई-मेल केले, पेनांगच्या शाळांना केले, मशिदींना केले. 'युसुफ' लिहिलं की शंभर युसुफ निघत. प्रसाद वैतागायचा. "यार, कुणाच्या कुणाला मेल करतेयस? त्यात डॅगर हा शब्द लिहू नको प्लीज. कुणी वाचत असेल तर?" मी 'कौटुंबिक वस्तू' लिहू लागले. काका रोज संध्याकाळी जिन्यात उभे राहून विचारत, "काही?" आणि "नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, पण कुठेतरी सुटल्यासारखाही दिसायचा. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

दीड वर्षानं उत्तर आलं. युसुफची मुलगी रोहाना पेनांगला शाळेत शिकवत होती. मुलाच्या पदवीदानासाठी २००४ च्या मे महिन्यात ती विस्कॉन्सिनला येणार होती, तिथून शिकागोला येईन म्हणाली. "दीन अंकल मला आठवतात," तिनं लिहिलं होतं. "सायकलच्या दांडीवर मला बसवायचे."

मी मेलची प्रत घेऊन धावत खाली गेले. काकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दार लाव."

त्यांनी क्रिस काढली. मूठ किंचित फिरवून उपटली. पात्याचा मुठीत जाणारा दांडा उघडा पडला. त्याचं टोक सपाट होतं, करवतीनं कापल्यासारखं. मग कपाटातून त्यांनी बेकलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची, एक काळी चकती आणली. चकतीच्या मधोमध, डाळीच्या दाण्याएवढा, आरशासारखा घासलेला लोखंडाचा ठिपका होता.

"मिलमध्ये नवीन मायक्रोस्कोप आला होता," काका म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर साल. मला राहवेना. मुठीच्या आतलं टोक आहे, कुणाला कळणार, असं वाटलं. एका रविवारी जाऊन कापलं, मायक्रोस्कोपखाली धरायला ह्या चकतीत बसवून घासलं." ते चकतीकडे बघत होते. "काय दिसलं म्हणून सांगू! त्या लोहारानं कुठे घाई केली, कुठे पुन्हा तापवलं, सगळं त्यात होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि संध्याकाळी मूठ बसवायला गेलो तर ती हलायला लागली."

मी उपटलेली मूठ उचलून आत बघितलं.

"पुढे त्र्याऐंशीत युसुफचं पत्र आलं. भाऊ शांत झालेत, कुणाबरोबर तरी पाठव. मी उत्तर लिहिलं. फाडलं. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. त्याचं आणखी एक पत्र आलं. मग नाही आलं. पुढे कधीतरी तो गेल्याचं कानावर आलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिला सांगायचं का गं?"

आज लिहायला लाज वाटते, पण मी म्हणाले, "कशाला सांगता काका? मूठ चिकटवून टाकू. आत कोण बघणार आहे?"

काकांनी मान हलवली. ते हो म्हणत होते की नाही, मला कळलं नाही.

रोहाना आली त्या दिवशी काकांनी सकाळपासून चार वेळा दाढी तपासली. ती चाळिशीची, निळा हेडस्कार्फ बांधलेली, हळू बोलणारी बाई होती. मी पोहे केले होते, ते तिनं आवडीनं खाल्ले. काकांनी पिवळं कापड तिच्यासमोर ठेवलं. तिनं क्रिस दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि थोडंच म्यान सरकवून बघितलं. तिचे डोळे भरून आले. "बाबा फक्त वर्णन करायचे," ती इंग्रजीत म्हणाली. "मी पहिल्यांदा बघतेय."

इथेच थांबता आलं असतं. मी काकांकडे बघत होते, थांबा म्हणून. काका उभे राहिले, खुर्चीची पाठ धरली, आणि सगळं सांगितलं. कापलेलं टोक, दोन पत्रं, फाडलेली उत्तरं. ते शाळेतल्या मुलासारखे सरळ उभे होते.

रोहानानं म्यान बंद केलं. मग म्हणाली, "बाबा शेवटी म्हणायचे, दीन मेला असणार. नाहीतर त्याचं उत्तर आलं असतं."

काका खाली बसले.

"बाबांचे भाऊ म्हणायचे, त्यानं विकली असेल. बाबा चिडायचे. दर वर्षी तुमच्या नावानं प्रार्थना करायचे, मृतांसाठी करतात ती."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठवेना. काकांनी चेहरा हातात घेतला नाही, रडले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले, जणू आणखी काय असेल तेही येऊ दे.

"तो तुकडा कुठे आहे?" तिनं विचारलं. काकांनी चकती दिली. खिडकीपाशी उजेडात धरून ती म्हणाली, "ह्यात तुम्हाला काय दिसलं?"

काका आधी अडखळले. मग कागद घेतला, पेन्सिलीनं थर काढू लागले. हा पोलादाचा, हा निकेलचा, इथे जोड कच्चा राहिला म्हणून त्यानं पुन्हा भट्टीत घातलं, इथे हातोडा तिरका पडला. तासभर ते बोलत होते आणि ती शिक्षिका प्रश्न विचारत होती. निघताना तिनं चकतीबरोबर तो कागदही मागून घेतला. दारात थांबून विचारलं, "हा तुकडा परत जोडता येईल?"

"नाही," काका म्हणाले.

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. काकांनीही माफी मागितली नाही.

विमानात क्रिस सामानाच्या बॅगेतून न्यायची होती. काकांनी एअरलाइनला पाच फोन केले, फोटो लावून पत्र तयार केलं, बॅगेवर तिचं नाव तीन ठिकाणी लिहिलं. आणि इतकं करूनही बॅग पोचली नाही. रोहाना पेनांगला उतरली, बॅग मधेच कुठेतरी राहिली. ते चार दिवस काकांनी अन्नाला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. मी वरण-भात नेला की ते दोन घास खाऊन म्हणत, "मीच पाठवायला नको होती तशी." एकदा म्हणाले, "सव्वीस वर्षं मी द्यायला घाबरलो, आणि दिली ती अशी." त्यांच्या मुलाचा फोन आला, तर त्यांनी फोन लगेच ठेवायला लावला, लाइन अडकून राहते म्हणून. मेल माझ्याकडे येणार होता, फोन येणारच नव्हता, तरीही.

पाचव्या दिवशी दोन ओळींचा मेल आला. बॅग मिळाली. क्रिस सुखरूप.

काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग माझ्याकडून छापून घेतलं.

दोन महिन्यांनी आणखी एक मेल आला. तिच्या गावाजवळ मुठी बसवणारा एक म्हातारा कारागीर होता. त्यानं तो तुकडा बघितला आणि हसला म्हणे. चकती फोडून त्यानं तुकडा बाहेर काढला, कापडाच्या चिंधीत गुंडाळला आणि मुठीच्या आत, दांड्याच्या टोकाशी दाबून बसवला. 'आता मूठ हलत नाही,' रोहानानं लिहिलं होतं. 'ह्या वर्षीची प्रार्थना बदलावी लागेल. जिवंत माणसांसाठी दुसरी असते.'

मी वाचून दाखवलं. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. न वळताच म्हणाले, "चकती कशानं फोडली असेल त्यानं?"

"काका!"

"नाही, तापवली तर नसेल ना? तापवलं की आतली रचना बदलते. विचार तिला."

मी विचारलं. तापवली नव्हती, पकडीनं फोडली होती.

दुसऱ्या वर्षी प्रसादला व्हर्जिनियात नोकरी लागली आणि आम्ही हर्नडनला गेलो. काका दिवाळीला फोन करत. रोहानाची पत्रं येतात, मी लगेच उत्तर टाकतो, असं सांगत. २००९ सुरू होता होता ते गेले. त्यांच्या मुलानं कळवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. एका लग्नाला आम्ही शिकागोत आलो होतो आणि डेव्हनवर शनिवारच्या गर्दीत गाडी अडकली होती. शेजारी बस येऊन थांबली. खिडकीशी पांचाळकाका होते. मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी, डोकं काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. गाढ झोपले होते. त्यांचा स्टॉप मागे गेला होता.

प्रसादनं हॉर्नकडे हात नेला. मी तो धरला.

"अगं, पुढे कुठे जातील ते?"

"जाऊ दे," मी म्हणाले. "इतके निर्धास्त मी त्यांना पहिल्यांदाच बघतेय."

सिग्नल सुटला. आमच्या आधी बस हलली, आणि काचेला टेकलेलं ते पांढरं डोकं साड्यांच्या दुकानांसमोरून सावकाश पुढे निघून गेलं.